आईबापाचं लग्न आधी लावायचं की माझ्याच मांडवात? धवलेरी आणि खर्चाबद्दल सल्ला हवा

बोईसरचा_वारली

सर्वांना जोहार.

मी विक्रमगड तालुक्यातला, वारली. तारापूर एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, कंत्राटी. होळीनंतर माझं लग्न करायचं घरात ठरलंय. मुलगी जव्हारकडची. तिच्या घरचे राजी, देजाचं (मुलीच्या घरी द्यायच्या रकमेचं) बोलणं झालंय, त्यात काही अडत नाही. अडलंय ते आमच्याच घरात.

माझ्या आईबापाचं लग्न झालेलं नाही. आई घरात आली तेव्हा आजोबांकडे पैसे नव्हते. पुढच्या साली मांडव घालू म्हणाले, ते साल काही आलं नाही. मग मी झालो, दोन बहिणी झाल्या, दिवाळी झाली की वसईकडे वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, यात सगळं गेलं. आमच्या पाड्यावर अशी घरं बरीच आहेत, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. रेशनकार्डावर, आधारवर दोघं नवरा-बायकोच आहेत. पण आता भगत आणि मोठा काका अडून बसलेत, आधी त्यांचा मांडव, मग तुझा. ज्यांना स्वतःला हळद लागली नाही ते पोराला हळद कशी लावणार?

मला आधी राग आला होता. मग आईकडे बघून गप्प बसलो. तिचा हात फार चांगला आहे. कापडावर, फायलींवर, बांबूच्या काडीने चित्रं काढते, एक बाई ती घेऊन जाते आणि मुंबईला प्रदर्शनात विकते. सगळ्यात जास्त खपतो तो लग्नचौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवर लिहितात ते चित्र. मधे पालघट देवी, चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे, घोड्यावर पंचशिऱ्या देव, वर सूर्य-चंद्र, एका बाजूला फणी आणि शिडी. असे तिने शेकड्याने काढले असतील. पण पाड्यावर कुणाचं लग्न असलं, कुडाची भिंत गेरूने सारवली आणि सवाशिणी चौक लिहायला बसल्या, की आई बाहेर चुलीपाशी. तांदूळ वाटून देते, पीठ जास्त पातळ झालं तर तिथूनच सांगते, पण भिंतीला बोट लावत नाही. तिला कुणी उठवलेलं नाही. ती बसतच नाही.

तर माझे प्रश्न असे आहेत.

एकाच मांडवात दोन्ही लग्नं चालतात का, आणि चालत असतील तर कशी? आमच्याकडची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, मागच्या पावसात गेली. तिच्या पाठी शिकलेलं कुणी नाही. पोरं म्हणतात, दुसऱ्या गावच्या लग्नातलं रेकॉर्डिंग आहे, स्पीकरला लावू. हे बरोबर वाटत नाही पण मग करायचं काय?

आणि पैसे. भट्टीचा मुकादम घरी येऊन गेला. लग्नाला लाखभर घ्या म्हणाला, दिवाळीनंतर तुम्ही चौघं या, फिटून जाईल. बाबा निम्मे तयार आहेत.

मित्रांना डीजे हवा आहे, त्याबद्दल तर लिहीतच नाही.

---

तलासरीचे_गुरुजी

बाळा, मुकादमाचं आधी बोलू, देवाचं नंतर.

‘चौघं या’ म्हणाला ना? चौथी कोण ते मोजलंस का? तुझा बाप, आई, तू, आणि ती जव्हारची पोरगी, जी अजून तुझ्या घरात आलेलीसुद्धा नाही. तिची पावसाळ्यापर्यंतची मजुरी त्याने आताच हिशोबात धरली आहे.

आमच्या आज्या-पणज्याच्या काळी याला लग्नगडी म्हणत. वारल्याला लग्नाला पैसे लागत, ते जमीनदार देई, आणि फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्या दारात राबायचं. वही त्याची, आकडा त्याचा. लिहिता-वाचता कुणाला येत नसे. बहुतेकांचं कर्ज मरेपर्यंत फिटलं नाही, आणि मालकाने त्या बायकोला कसं वागवावं यावर कुणाची सत्ता नव्हती. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत (उंबरगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता गुजरातेत आहे) हे सर्रास चाले. १९४५ च्या मे महिन्यात आमच्या तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते, लाल बावटा होता. वेठ करायची नाही असं ठरलं. मग माणसं जमीनदारांच्या वाड्यांवर गेली आणि लग्नगड्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड तिथे पडला. आमच्या घरात हे मी लहानपणी चुलीपाशी ऐकलंय.

१९७६ चा वेठबिगारी मोडणारा कायदा आहे. उचल देऊन माणसाला बांधून घालणं गुन्हा आहे आणि तसलं कर्ज कायद्याने उरतच नाही. तरी मुकादम घरी येतात, कारण लग्न ही आपली एकच अशी वेळ आहे की माणूस लाजेकाजेने हात पसरतो. बापाला हे सांग. तुझ्याने होत नसेल तर मला बोलव, मी येतो.

आता मांडवाचं. बाप-लेकाचं लग्न एका मांडवात मी कितीदा तरी जेवलोय. एकदा तर आजाही होता. नातवाच्या शेजारी बाशिंग बांधून बसला आणि हळद लावायला बाया आल्या तर ओरडायला लागला, थंड आहे थंड आहे म्हणून. साऱ्या पाड्याने हसून घेतलं. ते लग्न लोक अजून काढतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही. खर्च एक, पाहुणे एक, सनई-ढोलवाला एक. क्रम मात्र मोठ्यांचा आधी.

पूर्वी आमच्याकडे ज्याच्या घरी लग्न त्याच्या अंगावर सगळं पडत नसे. प्रत्येक घरातून तांदूळ येई, लाकडं येत, पत्रावळीला पानं बाया रानातून आणत, मांडव पोरं घालत. आता मंडप-डेकोरेशनवाल्याला पैसे देतो, केटरर सांगतो, आणि मग मुकादमाला शोधतो.

---

पेठेतला_वास्तुविशारद

फारच सुंदर विषय. मी वारली चित्रकलेचा चाहता आहे, आमच्या हॉलमध्ये एक भिंतच तशी करून घेतली आहे. लग्नात तरपा नाच असेलच ना? यायला आणि फोटो काढायला आवडेल.

---

बोईसरचा_वारली

दादा, तरपा लग्नात नसतो. तो भाताच्या दिवसांतला, पीक तयार व्हायला लागलं की वाजतो. लग्नाला सनई-ढोल. तुमच्या भिंतीवर मधे गोल फेर धरलेली माणसं असतील आणि एका कोपऱ्यात नवरा-नवरी घोड्यावर असतील, तर तुमच्या घरात दोन वेगवेगळे मोसम एकत्र चाललेत :) लग्नाला या, फोटोही काढा. चौक झाकलेला असताना मात्र विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

@गुरुजी, चौघांचा हिशोब मी खरंच असा केला नव्हता. काल बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण मुकादमाचा फोन आला तेव्हा उचलला नाही.

---

धवलेरीची_भाची

दादा, माझी मावशी डहाणूकडे धवलेरी आहे. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला, ती जे बोलली ते माझ्या शब्दांत लिहिते. ती रागावूनच बोलली.

रेकॉर्डिंग लावू नका. कारण असं की धवलेरी नुसतं गात नाही. ती नवऱ्याचं नाव घेते, नवरीचं घेते, दोघांच्या घरचे देव, गावदेव, आजूबाजूचे देव, सगळ्यांना एकेक करून बोलावते. दुसऱ्या गावच्या लग्नाचं रेकॉर्डिंग लावलंत तर तुमच्या मांडवात दुसऱ्याच जोडप्याचं लग्न लागेल. (मावशी हे बोलून स्वतःच हसली.) शिवाय रात्र लांब असते. मधेच कुणाचं पोर रडतं, भगताच्या अंगात येतं, कुणी भांडण काढतं, तेव्हा गाणं थांबवून त्यांना गप्प करावं लागतं. ते काय स्पीकर करणार?

तुमच्या धवलेरीपाठी कुणीच नाही असं म्हणता, पण ती गायची तेव्हा मागे ओढून धरणाऱ्या बाया असतीलच. त्यातल्या एखादीला निम्मं येत असेल. मावशीचं म्हणणं, तिला पुढे करा, मी शेजारी बसते. जिथे अडेल तिथे मी उचलते. पुढच्या लग्नाला ती एकटी बसेल. मावशीही अशीच शिकली, तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं. मीसुद्धा आता मागे बसते, पण मला बीएस्सीच्या परीक्षा सोडून पूर्ण रात्र बसायला मिळत नाही.

आता तुमच्या आईचं. दोन्ही लग्नं एका रात्रीत उरकू नका, आदल्या दिवशी आईबापाचं लावा. त्यांचा चौक दुसऱ्या सवाशिणींनी लिहायचा. हळद लागली, धवलेरीने लग्न लावलं, की तुमची आई सवाशीण झाली. मग तुमच्या लग्नाच्या चौकाला तिला बसवायला कुणाची हरकत असेल? मावशीने उलट विचारलं, एवढ्या वर्षांत हे कुणाला सुचलं कसं नाही.

एका घरात दोन चौक चालतात का, यावर मात्र मावशीचं आणि आमच्या भगताचं वाजलं. तो म्हणतो एकच चौक, दोघांना पुरतो. मावशी म्हणते दुसऱ्या भिंतीवर लिहा, भिंतींना काय तोटा. हे तुमच्या गावच्या माणसांनी ठरवायचं.

---

जागे_व्हा

मी पण वारलीच, वाडा तालुका. लोकांना वाईट वाटेल पण लिहितो. पन्नाशीला आलेल्या माणसांना बाशिंगं बांधून काय मिळणार? दोन दिवस मांडव म्हणजे दोन दिवस दारू. दोन दिवसांचे बकरे, कोंबड्या. आमच्याकडे एका लग्नात ड्रमने दारू आली, रात्री दोन गटांत मारामारी, नवरदेवाच्या भावाला टाके. याला संस्कृती म्हणायचं का? ग्रामपंचायतीत जा, नोंदणी करा, उरलेले पैसे बहिणींच्या शिक्षणाला घाला. जिव्या सोमा मशेंनी चौकातली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याआधी हे काम फक्त बाया करायच्या हे सगळ्यांना माहीत आहे. रीत बदलते. मग हळद लागली नाही म्हणून बाईने चौकाला हात लावायचा नाही, ही रीत का धरून बसायचं? आईला उद्याच बसवा चौकाला.

---

आशाताई_मोखाडा

जागे व्हा भाऊ, दारूचं तुमचं शंभर टक्के खरं. टाके घालायला दवाखान्यात नेणारी मीच असते.

पण बाकी पटलं नाही. मी आशा कार्यकर्ती आहे, माझं काम घराघरांत असतं. तुम्हाला एक सांगते. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, चांगलंच आहे, व्हायलाच हवीत. १९९२ ला वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने कशी गेली ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. सुरुवातीला आम्हाला वरून सांगायचे की पाचवीच्या पूजेसाठी बाया दवाखान्यातून लवकर पळून येतात, ते थांबवा. मी थांबवायचा प्रयत्न करून दमले. मग उलटं केलं. पाचवीला मीच जायला लागले. सुईण असते, ओल्या बाळंतिणीची सासू असते, शेजारच्या चार बाया असतात. बाळ सगळ्यांच्या हातांतून फिरतं. मी वजनकाटा घेऊन जाते, नाळेची जागा बघते, अंगावर पाजते का ते बघते. एकटीच्या घरी गेले तर सून सासूसमोर तोंड उघडत नाही. पाचवीला सुईणच विचारते, ‘दूध येतं का गं?’ आणि सगळं बाहेर येतं. ताप आलेली बाळंतीण मला दोनदा तिथेच सापडली, लगेच १०८ बोलावली.

माणूस मेल्यावरही तेच. दिस घालायचे असतात तेव्हा भट्टीवरची, बोटीवरची, कंपनीतली सगळी माणसं येतात. त्या घरची विधवा बाई त्या दिवसापर्यंत जी मुकी असते ती तेव्हा मोकळी होते. असं जमणं बंद पडलं तर पाड्यावर कोण कसं आहे ते मला फॉर्म भरून कळणार आहे का?

तर भाऊ, आईबापाचा मांडव होऊ दे. आई स्वतःहून बाहेर बसते म्हणजे तिच्या मनात ते आहेच. ‘उद्याच बसवा’ म्हटलंत तर ती बसायची नाही, आणि बसली तरी सगळ्या बायांच्या नजरा तिच्या बोटांवर. फक्त मुलीचं वय बघा, अठरा पूर्ण आहेत ना? ते लिहिलेलं नाही म्हणून विचारते.

---

बोईसरचा_वारली

ताई, ती एकवीसची आहे, डीएड करते.

@जागे व्हा, तुमचं दारूचं मीही काकांना बोललो. काका म्हणतात देवाला लागते. मी म्हटलं देवाला पानाच्या द्रोणात लागते, ड्रममध्ये नाही. यावर काका तात्पुरते गप्प आहेत.

@धवलेरीची_भाची, आईला तुमच्या मावशीचं सांगितलं. आई म्हणाली, ‘आता म्हातारपणी काय’, आणि उठून गेली. नंतर बहीण सांगत होती की ती मागच्या खोलीतली भिंत बघत होती, कुड ढिला झालाय, पावसाआधी नीट सारवायला हवा म्हणाली.

अजून एक. दोघांची लग्नं लागली तर नोंदणी दोघांचीही करावी का? आईबापाच्या नोंदणीत तारीख कुठली टाकायची? आता लग्न दाखवलं तर आम्ही पोरं आधीची ठरू, त्याने जातीच्या दाखल्याला किंवा जमिनीला काही होईल का? वनहक्काचा प्लॉट बाबांच्या नावावर आहे.

---

भिलोरी_शहादा

आमच्या भिलांकडचं थोडं सांगतो, खर्चासाठी. माझी बहीण मध्य प्रदेशात झाबुआकडे दिली आहे. तिकडे नोतरा असतो. लग्नघरी सगळे जमतात, प्रत्येक जण आपल्या ऐपतीने पैसे टाकतो, आणि कोणी किती टाकले ते वहीत लिहितात. त्याच्या घरी कार्य निघालं की तुम्ही तेवढे, वर थोडे घालून परत करायचे. व्याज नाही, मुकादम नाही. भावजींच्या घराचं लग्न त्यातच निघालं. ताप एवढाच की वही विसरता येत नाही, बहीण दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या नोतऱ्याला जातच असते. तुमच्या कंपनीतल्या आणि पाड्यावरच्या पोरांनी मिळून असं चालू केलं तर?

---

कोर्टातला_कोळी_जव्हार

नोंदणीच्या प्रश्नाचं उत्तर. मी जव्हारला वकिली करतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) मध्ये स्पष्ट आहे की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे तुमचं लग्न तुमच्या रूढीने लागलं की लागलं. सप्तपदी, होम याची गरज नाही. भटजी आणायचा आग्रह कुणी केला तर हे सांगा.

मुलांची काळजी करू नका. वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेल्या जोडप्याला कोर्ट नवरा-बायकोच धरून चालतं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. तुमचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड सगळीकडे बापाचं नाव आहे, जातीचा दाखला त्यावर आणि वडिलांच्या नोंदींवर चालतो. आईबापाचा मांडव आता पडला म्हणून तुमचं काही कमी होत नाही. वनहक्काच्या पट्ट्यावर मात्र आईचं नाव आहे का ते आजच काढून बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित असतील तर पट्टा दोघांच्या नावाने द्यायचा असं आहे. लग्न झालेलं नाही म्हणून कुणी फक्त बाबांचं नाव टाकलं असेल, तर ते सुधारून घ्यायचं काम या लग्नाइतकंच महत्त्वाचं. दारूच्या ड्रमचंही सांगतो, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला दारूवर बंधन घालायचा अधिकार आहे. काका ऐकत नसतील तर मांडवाआधीच्या ग्रामसभेत विषय घ्या. एका घराने बंद केली तर भांडण होतं, गावाने ठराव केला तर होत नाही.

नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ग्रामसेवक करतो. जी लग्नं लागतील त्याच तारखा टाका, खोटी जुनी तारीख टाकू नका, साक्षीदारही अडचणीत येतात. दोन्ही जोडप्यांचे अर्ज वेगळे, प्रत्येकी तीन साक्षीदार. अर्जात लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही असा रकाना आहे. तिथे धवलेरीचं नाव लिहा आणि तिची सही किंवा अंगठा घ्या. एका ठिकाणी कारकुनाने ‘बाई कशी पुरोहित’ म्हणून अर्ज परत केला होता, मी सोबत रूढीबद्दल ग्रामसभेचा ठराव जोडला आणि घेतला गेला. तुम्ही ठराव आधीच जोडा, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. दोन्ही जोडप्यांचे फोटो, आधार, वयाचे पुरावे. आईबापाच्या वयाचा पुरावा नसेल तर आधी ते बघा, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. आणि ग्रामसेवकाकडे बहुधा दोन-तीन गावं असतात, तेव्हा फोन करून तो कुठल्या वारी तुमच्याकडे असतो ते विचारून मगच जा.